हाताची साक्ष

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरा. आता समोरचा माणूस तुमच्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाब देईल. तुम्ही हात खाली जाऊ द्यायचा नाही. नाही ना गेला? छान. आता डाव्या हातात ही साखरेची पुडी धरा. पुन्हा दाब. गेला हात खाली! म्हणजे साखर तुमच्या शरीराला मानवत नाही. आता ती ठेवा आणि ही आमची बाटली धरा. पुन्हा दाब. बघा, हात लोखंडासारखा! तुमचं शरीरच सांगतंय, त्याला काय हवंय ते.

हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मोठ्या शहरांत तो वातानुकूलित खोलीत होतो, आमच्याकडे मंगल कार्यालयात, शाळेच्या सभागृहात, नाहीतर कुणाच्या ओसरीवर. कधी चूर्ण विकायचं असतं, कधी चुंबकाची गादी, कधी गळ्यात घालायचं पदक किंवा मनगटावरचा पट्टा. याला मसल टेस्टिंग म्हणतात. मराठीत स्नायूपरीक्षा म्हणू या. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. पण या परीक्षेचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतशी त्यात मला आमच्या देऊळगाव राजाची माणसं भेटत गेली. म्हणून हे बोलणं.

सुरुवात चांगल्या माणसांपासून करू. स्नायूंची ताकद हाताने दाब देऊन तपासणं ही मुळात अगदी खरीखुरी, कामाची विद्या आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोलिओच्या साथी येऊ लागल्या. मूल तापातून उठायचं आणि पाय लुळा पडलेला असायचा. कोणता स्नायू गेला, कोणता थोडा जिवंत आहे, कोणता व्यायामाने परत येईल, हे ठरवायला बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी एक पद्धत बसवली. राइटबाईंनी ती १९१२ साली प्रसिद्ध केली. पुढे बाल्टिमोरच्या केंडल दांपत्याने त्यावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंची तपासणी करताना ब्रिटिशांनी शून्य ते पाच अशी श्रेणी वापरली. शून्य म्हणजे हालचाल नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. आजही अर्धांगवायूच्या रुग्णाला डॉक्टर म्हणतात, ‘माझा हात ढकला बरं,’ तेव्हा ते हीच श्रेणी मनात मोजत असतात. आपल्या पिढीतल्या प्रत्येकाच्या वर्गात कुबडी घेऊन येणारा एखादा मुलगा होता. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. तोवर या परीक्षेने किती मुलांना उभं केलं असेल, याचा विचार करा.

या परीक्षेत प्रश्न एकच असतो : या स्नायूत किती ताकद आहे? उत्तरही त्या स्नायूपुरतंच.

१९६४ साली डेट्रॉइटमध्ये जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके बसवणाऱ्या वैद्याकडे, एक रुग्ण आला. त्याच्या खांद्याचा फरा पाठीवर पंखासारखा वर आलेला होता. फरा बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू दुबळा होता. गुडहार्टना त्या स्नायूच्या मुळाशी दुखऱ्या गाठी लागल्या. त्या त्यांनी चोळल्या आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे स्नायू तत्काळ बळकट झाला. इथवरही ठीक. पण यावरून त्यांनी फार मोठी उडी मारली. प्रत्येक स्नायूचा शरीरातल्या कुठल्या तरी अवयवाशी संबंध आहे, हा स्नायू दुबळा तर यकृत बिघडलं, तो दुबळा तर पोट, असा नकाशाच त्यांनी मांडला. चीनच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या वाहिन्या त्यात आणून जोडल्या. मग जिभेवर अन्न ठेवून हात दाबायचा, पुढे अन्न नुसतं हातात धरून दाबायचा, त्याही पुढे बाटलीचं बूच न उघडता. या शास्त्राला त्यांनी नाव दिलं अप्लाइड किनेसिओलॉजी.

१९७३ मध्ये जॉन थाय यांनी ही विद्या घरच्या घरी वापरता यावी म्हणून पुस्तक काढलं. १९७९ मध्ये जॉन डायमंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थ असा की तुमचं शरीर खोटं बोलत नाही. आता अन्नच कशाला, संगीत, रंग, माणसांचे फोटो, सगळ्यांची परीक्षा हातावर होऊ लागली. पुढे तर असेही लेखक निघाले, जे विधान खरं की खोटं हेसुद्धा दंड दाबून सांगू लागले. कोर्टकचेऱ्या बंद करायची सोयच झाली म्हणा की!

हसण्यावारी नेता आलं असतं, पण माझ्या घरात ते हसण्याइतकं राहिलं नाही. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, मधुमेहाची जुनी रुग्ण. एकदा मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर ती अशाच एका शिबिराला गेली. तिथे तिच्या डाव्या हातात तिच्याच गोळ्यांचं पाकीट देऊन उजवा हात दाबला. हात खाली गेला. मग एक पांढरी भुकटी दिली. हात राहिला. घरी येऊन आपा मला म्हणाली, “भाई, कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या हातानेच सांगितलं.” तिने गोळ्या बंद केल्या. महिनाभराने पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम काळी पडली, तेव्हा तिला जालन्याला न्यावं लागलं. साखर चारशेच्या वर होती. अंगठा गेला, पाय वाचला.

तिचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्या हातानेच सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती. दाबणारी बाईसुद्धा लबाड होती असं मला वाटत नाही, तीही स्वतःच्या मुलांना तीच भुकटी देत होती. मग हाताला खाली नेलं कुणी?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायचं कारण नाही. सुगीच्या दिवसांत नंदीबैलवाला दारात येतो. झूल घातलेला बैल, ढोलकीचं गुबुगुबु. ‘पाटलाच्या पोराचं लगीन होईल का?’ बैल मान हलवतो. ‘औंदा पाऊस पडंल का?’ पुन्हा हलवतो. बैलाला पावसातलं काही कळत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो मालकाच्या आवाजाला आणि दोरीला ओळखतो. मालकाने ते त्याला शिकवलेलं असतं. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता, तो टाप आपटून बेरजा-वजाबाक्या करून दाखवायचा. मालक प्रामाणिक होता, प्रयोगाचे पैसे घेत नव्हता. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावलं. घोडा नापास झाला. बरोबर आकड्याला टाप पोचली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर उठायचं, आणि घोडा थांबायचा. गंमत अशी, की हे रहस्य कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःचं डोकं स्थिर ठेवणं जमेना. नंदीबैलवाल्याला आपण काय करतो ते माहीत असतं, हान्सच्या मालकाला माहीत नव्हतं. फरक तेवढाच.

आपण करतो आणि आपल्याला कळत नाही, अशा हालचालीचा शोध त्याच्याही खूप आधी पॅरिसमध्ये लागला होता. मिशेल शेव्हरल हे तिथले नामांकित रसायनशास्त्रज्ञ. साबण आणि चरबीचं रसायन त्यांनी उलगडलं. १०२ वर्षं जगले, आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली आहेत त्यांत त्यांचं नाव आहे. त्यांच्या काळात लोलकाचं वेड होतं. दोऱ्याला लोखंडी कडी बांधून ती पाऱ्याच्या भांड्यावर धरली की झुलू लागते, मध्ये काच सरकवली की थांबते, असं लोक सांगत. शेव्हरलनी स्वतः करून पाहिलं आणि खरोखरच तसं झालं! इथे दुसरा कुणी असता तर त्याने ग्रंथ लिहिला असता. शेव्हरलनी काय केलं, तर हात टेकवायला लाकडाचा आधार घेतला. आधार खांद्याकडून बोटांकडे सरकवत नेला. जसजसा तो बोटांजवळ आला, तसतसं झुलणं कमी होत गेलं आणि बोटं टेकली तेव्हा थांबलं. म्हणजे झुलवत होता तो हात. मग त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मदतनिसाला सांगितलं, की काच सरकव किंवा काढ, पण मला सांगू नकोस. आता काचेचा काहीही परिणाम होईना. १८३३ साली त्यांनी हे सगळं आपले मित्र, विजेच्या शास्त्रातले अँपिअर यांना जाहीर पत्र लिहून कळवलं. आपल्या मनात जे व्हावंसं वाटतं तिकडे आपले स्नायू आपल्या नकळत वळतात, हे त्या पत्राचं सार. १८५२ साली विल्यम कार्पेंटर यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याला आयडिओमोटर हे नाव दिलं. कल्पनेने चालणारी हालचाल, असं म्हणता येईल.

पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेंना यात पडावं लागलं. त्या काळी इंग्लंडमध्ये टेबलं फिरत होती. चार-सहा माणसं टेबलाभोवती बसून वर हात ठेवायची आणि टेबल आपोआप सरकायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. फॅरडे हे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेले, त्यामुळे पुठ्ठा आणि चिकट लुकण यांच्याशी त्यांची जुनी ओळख. त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे मऊ लुकणाने एकावर एक असे चिकटवले, की ते जरासे सरकू शकतील, आणि ते हाताखाली ठेवले. टेबल आधी हललं तर खालचा पुठ्ठा पुढे जाईल, हात आधी हलला तर वरचा. बसलेली सगळी मंडळी सभ्य होती, आम्ही नुसते हात टेकवले आहेत असं शपथेवर सांगणारी. निघाला तो वरचा पुठ्ठा पुढे. मग फॅरडेंनी एक काटा लावला, जो हाताचा जरासा रेटा बसला तरी हलेल. मंडळींना तो काटा दिसू लागला त्या क्षणापासून टेबल फिरायचं थांबलं. मला हा भाग फार आवडतो. कुणाला खोटं पाडलं नाही, कुणाचा अपमान केला नाही, फक्त त्यांचा हात त्यांना दाखवला.

आता देऊळगाव राजाकडे येतो. बालाजीच्या यात्रेमुळे आमचं गाव सगळ्यांना माहीत आहे. शेतकऱ्यांना ते बियाण्यांच्या प्लॉटमुळेही माहीत आहे. बियाण्याचा प्लॉट म्हणजे पाणी हवंच. खडकपूर्णेवर धरण झालं, त्या जलाशयाला संत चोखासागर हे सुंदर नाव मिळालं, पण ते पाणी प्रत्येक शिवारात पोचत नाही. तेव्हा विहीर नाहीतर बोअर. आणि बोअरच्या आधी पाणाड्या.

पाणाड्या न पाहिलेला माणूस आमच्या भागात सापडणार नाही. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतो, पाण्याची जागा आली की नारळ उभा होतो. कुणाच्या हातात झाडाची दुबेळकी काडी, कुणाकडे तांब्याच्या वाकवलेल्या तारा, कुणाकडे किल्लीचा लोलक. कुणी पायाळू असतो, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, त्याला जमिनीखालचं पाणी आणि धन दोन्ही कळतं अशी समजूत. लोलक तर तोच शेव्हरलचा, फक्त पाऱ्याच्या जागी काळी जमीन. दुबेळकी काडी दोन्ही हातांनी ताणून धरली की ती अशा अवस्थेत असते, की मनगट केसभर वळलं तरी टोक धाडकन खाली येतं. तळहातावरचा नारळही तसाच डळमळीत. या सगळ्या साधनांचं एकच कौशल्य आहे : हाताची न दिसणारी हालचाल मोठी करून दाखवणं. फॅरडेंचा काटासुद्धा तेच करत होता, पण त्याचं टोक हात ठेवणाऱ्या माणसाकडे होतं, आणि पाणाड्याच्या काडीचं जमिनीकडे.

पाणाड्यांना सरसकट मूर्ख किंवा ठग म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. जुना पाणाड्या हा शिवार वाचणारा माणूस असतो. उंबर कुठे आहे, जांभूळ कुठे, वारूळ कुठे, उतार कुणीकडे, शेजारच्या विहिरीला मुरूम किती हाताला लागला आणि मांजऱ्या कुठे, हे त्याच्या डोळ्यांत साठलेलं असतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दकार्गल नावाचं प्रकरण लिहिलं, त्यात झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखण्याच्या अशाच खुणा दिल्या आहेत. त्यातल्या सगळ्या खऱ्या नाहीत, पण त्या डोळ्यांनी पाहायच्या खुणा आहेत, पाहून खोट्याही ठरवता येतात. पाणाड्याचे डोळे काम करतात आणि श्रेय नारळाला मिळतं, असं मला वाटतं. शिवाय आमचा दगड बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर. वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांत थोडंफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतंच. जुन्या उथळ विहिरींच्या काळात पाणाड्याची लाज त्यामुळे राहून जायची. आता गाडी शेकडो फूट खाली जाते, पैसे फुटावर मोजले जातात आणि खालचा काळा पाषाण कोरडा निघाला की शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक कर्ज चढतं. पाणाड्या म्हणतो, ‘दोन हात सरकला तुमचा बोअर.’ दुसऱ्या बोअरलाही तोच येतो.

सरकारही यात मागे नव्हतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई सरकारने मेजर पॉगसन नावाच्या इंग्रज गृहस्थाला चक्क सरकारी पाणाड्या म्हणून नेमलं होतं. आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात, त्यामुळे हे साहेब आमच्या वाट्याचे नव्हते. पाणाड्यांची सगळ्यात मोठी परीक्षा जर्मनीत झाली, १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात. खालच्या मजल्यावर गाड्यावर पाण्याचा नळ ठेवून तो हवा तिथे सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ उत्तम पाणाडे, आणि ८४३ फेऱ्या. प्रयोग करणाऱ्यांनी आधी यश जाहीर केलं. पण तेच आकडे नीट पाहिल्यावर जिम एनराइट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की एका फेरीत बरोबर आलेला माणूस दुसऱ्या फेरीत चुकत होता. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवली असती, तरी साधारण तेवढंच आलं असतं. वरच्या मजल्यावर ना उंबर होता, ना वारूळ.

हात दाबण्याच्या परीक्षेत तर एकाऐवजी दोन हात असतात, एक दाबणारा आणि एक अडवणारा, आणि दोन्ही हातांच्या मालकांना उत्तर माहीत असतं. पहिल्या वेळी दाब हळू देऊन, ‘रोखा हं’ असं सांगून, मग जोर वाढवला की हात टिकतो. दुसऱ्या वेळी न सांगता पटकन दाबला की पडतो. मनगटाऐवजी कोपराजवळ दाबलं तर तराजूच्या न्यायाने जास्त जोर लागतो. दाब किंचित अंगाच्या बाहेरच्या दिशेने दिला तर तोल जातो, अंगाकडे दिला तर माणूस खांबासारखा उभा राहतो. मनगटावरचे ‘शक्तीचे पट्टे’ विकणाऱ्यांची सगळी करामत या तोलाची होती. त्यांतल्या पॉवर बॅलन्स नावाच्या कंपनीला २०१० अखेरीस ऑस्ट्रेलियात कबूल करावं लागलं, की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. आणि हे सगळं दाबणाऱ्याला ठरवून करावं लागत नाही. मनात ‘आता पडेल’ असं आलं की बोटं आपोआप कामाला लागतात.

आमच्या घराण्यात हकिमी होती. तेव्हा कुणी विचारेल, नब्ज पाहणं हीसुद्धा बोटांचीच विद्या नाही का? आहे. हकिमांनी आणि वैद्यांनी नाडीवरून जे जे सांगितलं ते सगळं खरं, असं मीही म्हणणार नाही. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाराव्या शतकातल्या निजामी अरूजीने ‘चहार मकाला’ या फारसी ग्रंथात इब्न सीनाची हकिकत दिली आहे. इब्न सीना म्हणजे पाश्चात्त्यांचा अविसेना, काळ ९८० ते १०३७. गुरगान शहरात एक तरुण अंथरुणाला खिळला होता, रोग कुणाला सापडेना. इब्न सीनाने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि शहराची माहिती असलेल्या एकाला मोहल्ल्यांची नावं घ्यायला सांगितलं. एका मोहल्ल्याला नाडी उसळली. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, गल्लीतली घरं, घरातली माणसं. एका मुलीच्या नावाला नाडी पुन्हा उसळली. रोग प्रेमाचा होता. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल की नाही हा मुद्दा सोडा. तिची रचना बघा. नाडी पाहणाऱ्याला उत्तर माहीत नाही. नावं घेणाऱ्यालाही माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो तोंड उघडत नाही आणि नाडी त्याच्या हुकमात नाही. शिबिरातल्या परीक्षेत यातलं काहीच नसतं.

म्हणूनच ही परीक्षा जेव्हा जेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली गेली, तेव्हा तेव्हा पडली. १९८८ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. ११ माणसं, ३ अनुभवी परीक्षक, चार पोषकद्रव्यं. परीक्षकांचा एकमेकांशी मेळ नाही, रक्ताच्या तपासणीशीही नाही. २००१ साली जर्मनीत गांधीलमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसांवर हाच प्रयोग झाला, बाटलीत विष आहे की नाही हे परीक्षकाला न सांगता. निकाल अंदाजपंचे सांगण्यापेक्षा वेगळा नव्हता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. काही कायरोप्रॅक्टर मंडळी जिभेवर साखरेचा थेंब ठेवून दाखवत होती, की ग्लुकोजने हात पडतो, फळांतल्या साखरेने नाही. मग कुठला थेंब कोणता हे कुणालाच माहीत नसेल अशी व्यवस्था केली. मेळ बसेना. त्यावर त्यांचा प्रमुख म्हणाला, की याचसाठी आम्ही असले प्रयोग करणं सोडून दिलंय, ते कधी यशस्वीच होत नाहीत. तो हे चेष्टेने म्हणाला नव्हता. त्याच्या लेखी परीक्षा खरीच होती, प्रयोगाची पद्धत सदोष होती.

हाताच्या अशा साक्षीवर माणसं मेलीही आहेत. इंग्लंडच्या जेम्स मॅकॉर्मिकने गोल्फचा हरवलेला चेंडू शोधायच्या खेळण्यावरून बॉम्ब शोधण्याचं ‘यंत्र’ काढलं. मुठीला जोडलेली एक अँटेना, आत काहीही नाही. पाणाड्याची काडीच ती. इराक सरकारने ती कोट्यवधी डॉलर देऊन घेतली आणि बगदादच्या नाक्यांवर जवान ती हातात धरून मोटारी तपासत राहिले. २५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादच्या सरकारी इमारतींसमोर झालेल्या स्फोटांत दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा या यंत्राची चर्चा जगभर झाली. २०१३ साली मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे तर दैवाने फारच क्रूर थट्टा केली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. आयुष्यभर ज्यांनी असल्या गोष्टींविरुद्ध काम केलं, त्यांच्या खुन्यांचा शोध घ्यायला पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला, असा आरोप २०१४ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने केला. पुण्याच्या तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी तो साफ नाकारला. प्लँचेट म्हणजे वाटीवर बोटं ठेवून अक्षरांवरून ती फिरू देणं, फॅरडेंच्या टेबलाचंच धाकटं भावंड. पुढे खटला चालला तो साक्षीपुराव्यांवर आणि १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघे सुटले.

दाभोलकरांच्या पाठपुराव्याचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर आला, २०१३ च्या ऑगस्टमध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाची मंजुरी. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. हात दाबून गोळ्या बंद करायला लावणं त्यात शब्दाने आलेलं नाही. १९५४ सालचा औषधे व जादूचे उपाय यांच्या जाहिरातींवरचा केंद्राचा कायदा मात्र मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. मंगल कार्यालयात तोंडी सांगितलेली गोष्ट पकडून देणार कोण, हा प्रश्न उरतो. माझ्या आपाने कुणाचं नाव सांगायला नकार दिला. त्या बाईचं तिला वाईट वाटत होतं.

तेव्हा पोलिसांची वाट न पाहता घरी करता येईल असा उपाय सांगून थांबतो. खर्च दोन रुपयांचा. एका कागदात चमचाभर साखर, दुसऱ्यात चमचाभर ती गुणकारी भुकटी, आणि दोन्ही पुड्या सारख्या दिसतील अशा बांधायच्या. बांधणाऱ्याने खोलीबाहेर जायचं. दुसऱ्या कुणी तरी नाणं उडवून, न बघता, न बोलता एक पुडी हातात द्यायची. मग हवा तेवढा हात दाबा आणि कागदावर लिहा, साखर की भुकटी. असं दहा वेळा करून शेवटी पुड्या उघडा. पाच-सहा उत्तरं बरोबर आली तर ती नाण्यानेही दिली असती. दहाच्या दहा आली, तर हजारात एकदा तेही नुसत्या योगायोगाने घडतं. म्हणून पुड्या नव्याने बांधा, बांधणारा माणूस बदला आणि पुन्हा दहा वेळा मोजा. तोवर गोळ्या चालू ठेवा.